छत्तीस फुटांचा उतार : लातुरातल्या एका निधी-संध्येचा प्रकरण अभ्यास

निधी जमवण्यासाठी ठेवायच्या संध्याकाळच्या मेजवानीचा कागदावरचा पहिला हिशोब असा होता. तीनशे पाहुणे, ताटामागे ३,००० रुपये, एकूण जमा ९ लाख. मुंबईहून येणारे गायक आणि त्यांचा वाद्यवृंद, येणं-जाणं-राहणं धरून साडेतीन लाख. जेवण २ लाख ४० हजार. सभागृह, ध्वनी, रोषणाई १ लाख ३० हजार. पत्रिका, फलक, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं मिळून ६० हजार. उरतात १ लाख २० हजार, आणि तेही तीनशेच्या तीनशे ताटं खपली तर.

हा पैसा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्या चाळीस माणसांच्या पुनर्वसनासाठी जमवायचा होता. समितीतल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्याच कागदाच्या मागे भागाकार केला. घरी असलेल्या एका रुग्णाला लघवीच्या नळ्या, जेली, हातमोजे, मलमपट्टी, औषधं आणि महिन्यातून दोनदा घरी येणारा थेरपिस्ट एवढं द्यायचं म्हटलं तर लातूरच्या घाऊक दराने महिन्याला साधारण ३,००० रुपये लागत होते. चाळीस जणांचे १ लाख २० हजार. म्हणजे अर्धं वर्ष राबून, निम्म्या गावाला जेवू घालून जे उरणार होतं, त्यात एक महिना निघाला असता. शेठजी तो कागद बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे आपण गवयाला पोसायलोत, रुग्णाला नाही."

प्रकरण २०२४ चं आहे. समिती नऊ-दहा जणांची : डाळ मिल आणि अडत दुकान असलेले शेठजी, एक अस्थिरोगतज्ज्ञ, दोन फिजिओथेरपिस्ट, क्लासेस चालवणारे एक सर, दोन प्राध्यापक, आणि हिशोब बघायला मी. बैठका गंजगोलाईजवळच्या दुकानाच्या माडीवर व्हायच्या. माणसांची आणि संस्थांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, काही खुणाही बदलल्या आहेत. "गाला डिनर" ही मूळ कल्पना सरांची. पुण्यात असा कार्यक्रम त्यांनी पाहिला होता, आणि तिथे तो चांगला झालाही असेल.

तीन हजारांत काय येतं

मज्जारज्जू हाडासारखा सांधत नाही. प्लेट-स्क्रू घालून मोडलेला मणका बसवता येतो, आणि आमच्या चाळीस जणांच्या यादीतल्या बहुतेकांची ती शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झालेली होती. पण आतला रज्जू चेंगरला किंवा तुटला असेल तर त्या पातळीखालची हालचाल, संवेदना, लघवी-संडासवरचा ताबा हे सगळं गेलेलं असतं. इजा पाठीत असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही. आपल्याकडे रस्ते अपघात आहेतच, पण यादीत चिंचेच्या झाडावरून पडलेले होते, विहिरीच्या कामावर क्रेनची बादली अंगावर आलेले होते, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले होते. चिंचेची झाडं गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, घेतली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्यापर्यंत चढून फांद्या झोडणाऱ्याच्या कमरेला दोर नसतो.

१९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी अशा जखमी सैनिकांचा विभाग उघडला. तोवर कमरेखाली लुळा पडलेला माणूस बेडसोर (एकाच जागी दाब राहून पडणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या संसर्गानं वर्ष-दोन वर्षांत जाणार, असंच धरून चालत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायला लावली, आणि माणसं जगू लागली. ऐंशी वर्षांनंतरही काळजीचा गाभा तोच आहे. फरक एवढाच, की स्टोक मँडव्हिलला त्यासाठी पाळीवर माणसं होती. औसा तालुक्यातल्या पत्र्याच्या घरात रात्री बारा, दोन आणि चारला उठते ती आई किंवा बायको, आणि सकाळी तीच रोजानं खुरपायला जाते.

मूत्राशयाचं गणित याहून कडक. ते भरल्याचं कळत नाही आणि आपोआप नीट रिकामंही होत नाही. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढायची, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायची नाही; नाहीतर दाब उलटा मूत्रपिंडांवर जातो. वर्षाला दीड ते दोन हजार वेळा. यात दिवाळी नाही, पाडवा नाही.

यादीतल्या सगळ्यात जुन्या रुग्ण किल्लारीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीची भिंत पाठीवर पडली तेव्हा त्या नवी नवरी होत्या. मॅडमबरोबर मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कार्यक्रमाचं ऐकून त्या हसल्या. "तवा धान्य आलं, कापडं आली, पत्रे आले. फोटूवाले बी आले. नळी तेवढी मीच धुऊन वापरली, आजपस्तोर." समितीला हे वाक्य मी बैठकीत सांगितलं. अस्थिरोगतज्ज्ञ एवढंच म्हणाले, की एकतीस वर्षं मूत्रपिंडं टिकली याचं श्रेय त्या बाईंच्या स्वच्छतेला द्यायला हवं, आपल्या व्यवस्थेला नाही.

त्या बैठकीत उद्दिष्ट बदललं. एका रात्रीत किती जमलं याऐवजी किती माणसांचे किती महिने भागले, हे मोजायचं ठरलं. एका माणसाचा एक महिना म्हणजे ३,००० रुपये, हे एकक. त्याचं "महिना कार्ड" छापायचं, आणि पाहुण्यानं ते वर्षभरासाठी घ्यायचं. एकट्यानं किंवा तिघांत मिळून.

तारीख

यावर जितका वाद झाला तितका पैशांवरही झाला नाही.

प्राध्यापकांना ५ सप्टेंबर हवा होता, जागतिक मज्जारज्जू दुखापत दिन. पण तो शिक्षक दिनही, आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ तारखेला होती. वर्गणीच्या दिवसांत आणखी एक पावती पुस्तक घेऊन कोण फिरणार? शिवाय सप्टेंबरात शेतकऱ्याचा आणि म्हणून व्यापाऱ्याचाही हात रिकामा असतो. (सप्टेंबर टळला ते बरंच झालं, त्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली.) ऑक्टोबर-नोव्हेंबर विधानसभा निवडणुकीनं खाल्ला. मतदान २० नोव्हेंबरला, आणि निकाल लागेपर्यंत आचारसंहिता. पुढे तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, म्हणजे सभागृहाचं भाडं दुप्पट.

उन्हाळा तर मॅडमनी चर्चेलाही येऊ दिला नाही. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर त्याखाली घाम येत नाही, शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. लातूरच्या एप्रिलमध्ये अशा माणसाला टेम्पोतून तीस किलोमीटर आणणं म्हणजे ताप चढवूनच आणणं.

मार्ग शेठजींनी काढला : धुंधुरमास. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत लग्नं नसतात, कार्यालयं ओस असतात, भाडं निम्म्यावर येतं. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात. मग कुणीतरी सुचवलं, की धुंधुरमासच आहे तर पहाटेचंच भोजन ठेवू. बाजरीची भाकरी, लोणी, खिचडी. सगळ्यांना एकदम पटलं, मलाही. नकार पुन्हा मॅडमचा. मज्जारज्जूच्या रुग्णांचं संडासचं वेळापत्रक बहुधा सकाळचं असतं, रोज ठरावीक वेळी, कधी तास-दीड तास लागतो. ते चुकवून माणूस सात वाजता सभागृहात येऊन बसला तर दिवसभर तो कोणत्या धास्तीत असेल, हे त्यालाच विचारा. म्हणून दुपारी चार ते संध्याकाळी सात. सातच्या पुढे नाही, कारण थंडीही या शरीरांना तशीच बाधते.

येळवस, म्हणजे शेतात जाऊन साजरी करायची वेळ अमावस्या, त्या वर्षी ३० डिसेंबरला होती. त्या दिवशी लातूर शहरात माणूस शोधून सापडत नाही, सगळे शेतात. कार्यक्रम त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या रविवारी ठेवला. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतले रुग्ण मात्र या तारखेत बसले नाहीत. त्यांचे आईबाप कारखान्यावर, आणि आणायला घरी म्हातारीशिवाय कुणी नाही. ही उणीव शेवटपर्यंत भरून निघाली नाही.

ताट विकत नाही कुणी घेत

सरांनी दहा-बारा परिचितांना ताटाबद्दल विचारून पाहिलं. उत्तरं मोठी गमतीची होती. जो माणूस सप्ताहाच्या पंगतीला ५१,००० रुपये बिनबोभाट देतो, तोच ३,००० च्या ताटाला "काय असतंय त्यात?" म्हणून विचारत होता. बोलावलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेणं इकडे अंगवळणी पडलेलं नाही. पैसे द्यायला लोक तयार आहेत. खाण्याच्या बदल्यात द्यायला तयार नाहीत.

तेव्हा ताट काढून टाकलं. येळवशीच्या आठवड्याला शोभेल असं भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील ठेवायचं, सगळ्यांना मोफत. धान्य-डाळी बाजारातून आल्या, एका आचाऱ्यानं मजुरी सोडली. मुंबईचा गायक रद्द झाला आणि त्याच्या जागी लातूर-अंबाजोगाईकडची भारूड आणि अभंग म्हणणारी मंडळी आली, प्रवासखर्चावर. सिनेमाची गाणी घेतली नाहीत, त्यामुळे त्यांच्या परवान्याचा खर्चही वाचला. संध्याकाळचा सगळा खर्च १ लाख ६५ हजारांवर आला आणि तो पाच घरांनी आधीच उचलला. त्यामुळे पत्रिकेवर छापता आलं, की आज दिलेला रुपया कार्यक्रमावर खर्च होणार नाही. हे एक वाक्य माझ्या मते सगळ्या फलकांपेक्षा जास्त कामाला आलं.

उतार

सभागृह ठरवायला आम्ही चौघं गेलो. चौथा होता यादीतला एक तरुण, झाडावरून पडलेला, स्वतःची व्हीलचेअर स्वतः चालवणारा. त्याला न्यायचं सुचवलं तेव्हा तो आधी उखडला होता : "मला काय दाखवायला न्यायलाव का?" मॅडम म्हणाल्या, दाखवायला नाही, मोजायला. मग तो टेप घेऊन आला.

पहिल्या सभागृहाच्या प्रवेशाला सात पायऱ्या. व्यवस्थापकांनी सांगितलं, "चार पोरं लावू, उचलून नेतील." तरुणानं काही उत्तर न देता स्वच्छतागृहाकडे खुर्ची वळवली. दाराची चौकट दोन फुटांचीही भरली नाही. त्याची खुर्ची पंचवीस इंच रुंद. तीन तासांच्या कार्यक्रमात ज्याला मध्ये नळी घालावी लागणार, त्यानं कुठे जायचं? दुसऱ्या ठिकाणी प्रवेश सपाट होता, स्वच्छतागृहही चालण्यासारखं, पण खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. व्हीलचेअर उभी करायला जागा फक्त मधल्या वाटेत, म्हणजे आग लागली तर सगळ्यांचा रस्ता बंद. शेवटी एक मंगल कार्यालय मिळालं, जमिनीलगतचं, मोकळ्या खुर्च्यांचं, वधूपक्षाच्या खोलीला मोठं न्हाणीघर असलेलं. त्या खोलीची नळी-खोली झाली : स्वच्छ पलंग, पडदा, हात धुण्याची सोय, आणि दाराशी एक परिचारिका.

राहिलं व्यासपीठ. ते तीन फूट उंच होतं. सुगम्यतेच्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत उताराचं प्रमाण १:१२ दिलंय : एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट. मांडववाल्यानं आठ फुटांची फळी टाकून दाखवली, तरुणानं तिच्याकडे बघून मान हलवली. छत्तीस फूट उतार टाकला तर निम्मं सभागृह त्यातच जाईल. मग व्यासपीठ वापरायचंच कशाला, असा प्रश्न शेठजींनी विचारला आणि तो खरोखरच मिटला. गायक, निवेदक, वक्ते सगळे जमिनीवर, प्रेक्षक तीन बाजूंनी, व्हीलचेअरच्या जागा प्रत्येक रांगेत पसरलेल्या. लाकडी व्यासपीठावर रांगोळी आणि समई एवढंच. मांडववाल्याला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "पाव्हणे खाली बसवले तर कार्यक्रम वाटंल का?" हे त्याचं म्हणणं.

शाल, श्रीफळ आणि दहा खुर्च्या

मराठवाड्यातल्या कुठल्याही कार्यक्रमात पहिला तास सत्काराचा. मॅडमनी घड्याळ मांडलं : चाळीसपैकी बावीस-पंचवीस जण येतील, ते घरातून निघाल्यापासून परत जाईपर्यंत सहा तास बसून असतील. बसलेल्या माणसाच्या बैठकीच्या हाडांखाली रक्त अडतं, दर पंधरा ते तीस मिनिटांनी दाब सोडावा लागतो. एका सत्कार-तासाची किंमत कुणाच्या तरी कातडीनं मोजायची का? सत्कार रद्द. सगळ्यात कठीण निर्णय हाच होता असं मला वाटतं, कारण पाच यजमान घरांनाही हार नव्हता.

दुसरा पेच एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाकडून आला. दहा व्हीलचेअर देतो, साहेबांच्या हस्ते मंचावर वाटप करू. देणगी खरी होती, हेतूही वाईट नव्हता. पण त्या खुर्च्या रुग्णालयातल्या धाटणीच्या, सगळ्या एकाच मापाच्या. माणूस अरुंद आणि खुर्ची रुंद असेल तर तो एका बाजूला कलतो, वर्षभरात कण्याला बाक येतो. गादी साध्या रेक्झिनची असेल तर बेडसोर ठरलेला. तडजोड अशी झाली : त्याच रकमेत कमी खुर्च्या घ्यायच्या, आधी माप घ्यायचं, बरोबर दाब विभागणारी गादी द्यायची, आणि खुर्ची घरी पोचवायची. फोटो नाही. कार्यालयानं बरेच दिवस उत्तर दिलं नाही, मग सहा खुर्च्यांचे पैसे पाठवले. साहेब आले नाहीत.

रुग्णांनी मंचावर येऊन दुःख सांगावं ही सूचनाही होती. "त्याशिवाय लोकांचे हात खिशात जात नाहीत." हे अनुभवानं खरं असेल, पण ज्यांना बोलायचं होतं त्यांनाच विचारलं तर दोघंच तयार झाले, आणि त्यांनाही दुःख नव्हतं सांगायचं : एकाला एसटीत चढता येत नाही हे सांगायचं होतं, दुसरीला शिलाई मशीनचं पायडल हातानं चालवायची सोय कशी केली ते. त्या वर्षी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट घरोघरी पोचली होती. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळवणारे. सरांना ती निवेदनात हवी होती. घेतली, पण तरुणाच्या आग्रहानं एक वाक्य जोडून : पेटकरांमागे लष्करी रुग्णालय होतं, पोहणं त्यांनी उपचार म्हणून सुरू केलं, खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. चिंचेवरून पडणाऱ्यासाठी तसं काय आहे?

पावती कुणाच्या नावाची

हा भाग कंटाळवाणा आहे, पण कार्यक्रम बुडतात ते इथेच.

आमची समिती नोंदणीकृत नव्हती. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते; गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. ती घेता आली असती, पण त्यावर देणगीदाराला ८०जी, म्हणजे आयकरातली वजावट, मिळत नाही. म्हणून पुनर्वसनाचं काम आधीपासून करणाऱ्या एका नोंदणीकृत ट्रस्टबरोबर लेखी करार केला : पावत्या ट्रस्टच्या, पण निधीचं खातं वेगळं, आणि खर्चावर आमच्या समितीतल्या दोघांची सही.

८०जीबद्दल लोकांच्या बऱ्याच समजुती असतात. तेव्हाचे नियम असे होते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक दिला नाही तर वर्षाअखेरीचं देणगी प्रमाणपत्र निघत नाही. आणि ज्यानं नवी कररचना घेतली आहे त्याला या वजावटीचा काहीच उपयोग नाही. हे दाराशीच फलकावर लिहून ठेवलं. शेठजींना भीती होती की लोक मागे फिरतील. फिरले नाहीत, उलट क्यूआर कोडवर पैसे देणारे वाढले.

दुसरी अडचण तारखेनंच आणलेली. ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच आर्थिक वर्षात वापरावा लागतो. डिसेंबरात जमलेला पैसा ३१ मार्चच्या आत कसा संपवणार? पुढच्या वर्षांसाठी राखायचा तर उद्देश लिहून रीतसर कळवावं लागतं. एकरकमी देणग्यांचं तसं केलं. महिना कार्डांना हा प्रश्न आलाच नाही, कारण तो पैसा येत राहतो आणि जात राहतो.

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीकडे गेलो तर त्यांच्या अधिकारी बाईंनी पाच मिनिटांत समजावलं : एका दिवसाच्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, बसत नाही. पण वर्षभराचा पुनर्वसन प्रकल्प बसतो. आम्ही फलकावर नाव मागायला गेलो होतो. त्यांनी घरी जाणाऱ्या थेरपिस्टचा पगार आणि गाडीचा खर्च यावर प्रस्ताव मागितला.

चार ते सात

रुग्ण तेवीस आले. त्यांना आणायला दोन रुग्णवाहिका आणि फळी लावलेले तीन छोटे टेम्पो होते. एकूण माणसं चारशेच्या पुढे गेली, आंबील कमी पडलं.

निवेदकाला मॅडमनी एकच सूचना दिली होती. दर वीस मिनिटांनी, काहीही चालू असलं तरी, "उचला" म्हणायचं. पहिल्यांदा भारूड रंगात असताना तो शब्द आला आणि ज्यांचे हात चालत होते त्यांनी हातांवर भार देऊन स्वतःला खुर्चीतून वर उचललं. ज्यांचे हात चालत नव्हते त्यांच्या खुर्च्या नातलगांनी मागे कलवल्या. लोक चमकून बघायला लागले. दुसऱ्या वेळी निवेदकानं दोन वाक्यांत कारण सांगितलं. तिसऱ्या वेळेपर्यंत मागच्या रांगेतली पोरं आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तसंच करून बघत होती. संध्याकाळभरात बेडसोरवर भाषण झालं नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

एक प्रसंग घडला. मानेला इजा असलेल्या एका गृहस्थांचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहऱ्यावर घाम आला. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर मूत्राशय तुंबणं, नळी पिळणं अशा साध्या कारणानंही रक्तदाब एकदम चढतो, आणि वेळेत ओळखलं नाही तर जिवावर बेततं. परिचारिकेनं त्यांना ताठ बसवलं, पायाखाली दबलेली नळी मोकळी केली, दाब उतरू लागला. नळी-खोलीसाठी खोली कशाला अडवता, असं आधी ज्यांनी विचारलं होतं त्यांनीच नंतर दाराशी पहारा केला.

शाल-श्रीफळ आलंच. एका पाहुण्यानं पिशवीतून स्वतः आणलं होतं आणि मॅडमच्या खांद्यावर घातलं. ते कुणी अडवणार तरी कसं!

एकरकमी ६ लाख ४० हजार जमले. महिना कार्डं ५८ गेली, म्हणजे महिन्याला १ लाख ७४ हजारांचा शब्द.

त्यानंतर

शब्द आणि पैसा यांत अंतर पडतं हे अपेक्षित होतं, किती पडेल ते नव्हतं. सोयाबीनचा त्या हंगामातला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली राहिला. २०२५ च्या जूनपर्यंत नियमित कार्डं ३७ उरली. १ लाख ११ हजार, म्हणजे गरजेपेक्षा ९ हजार कमी. ते एकरकमी निधीतून भरले. टिकलेल्यांत मोठी नावं थोडी. तिघांत एक कार्ड घेतलेले हमाल-मापाडी, शिक्षक, औषध दुकानदार जास्त. एकट्यानं घेतलेलं कार्ड बंद पडलं की पूर्ण पडतं. तिघांतलं एक थकला तर बाकीचे दोघं ओढतात किंवा त्याला फोन करतात. पुढच्या वेळी एकट्याला कार्ड द्यायचंच नाही, असं माझं मत झालंय.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानं उभं सोयाबीन गेलं. कार्डं २९ वर आली. कुणालाही आठवण करायची नाही असं समितीनं ठरवलं.

दरम्यान तरुणानं वेगळीच वाट धरली. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, हे त्याला कार्यक्रमाच्या आधी माहीत नव्हतं. त्यानं यादीतल्या लोकांच्या युडीआयडी कार्डांच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रांच्या) प्रती गोळा करून गावोगाव अर्ज टाकायला सुरुवात केली. काही गावांत एअर बेड मिळाले, काही ठिकाणी "निधी शिल्लक नाही" असं उत्तर मिळालं, एका ठिकाणी ग्रामसेवकानं त्यालाच नियम विचारून घेतला. कंपनीचा प्रस्ताव मंजूर झाला, एका वर्षापुरता.

आता समितीपुढे दोन कागद आहेत. शेठजींना धुंधुरमासात पुन्हा कार्यक्रम हवा आहे. कार्डं पुन्हा साठीकडे न्यायची तर लोकांना एकत्र बोलवावंच लागेल, असं ते म्हणतात. मॅडमना या वर्षी कार्यक्रम नको. पुरात यजमान घरांचंही नुकसान झालंय, त्यांच्याकडे खर्चाला हात पसरण्यापेक्षा कंपनीचं वर्ष संपल्यावर थेरपिस्टचा पगार कुठून द्यायचा ते आधी बघा, असं त्यांचं म्हणणं. हिशोबाच्या बाजूनं मी मॅडमकडे झुकतो. पण जूनपर्यंत टिकलेल्या ३७ पैकी किती कार्डं त्या संध्याकाळी सभागृहात बसलेल्यांची आहेत ते मी काढून पाहिलं, तर चार सोडून सगळीच. शेठजींच्या हातात सध्या तोच आकडा आहे.